'इथे पुनरुक्ती आहे', बरं, मग पुढे? इंग्रजीत विश्लेषण आणि युक्तिवाद लिहिणारी आपली मुलं

मार्कंडेयकाठी

मी बेळगावात पदवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. तिसऱ्या वर्षाचा वर्ग, इंग्रजी मुख्य विषय. निम्म्याहून जास्त मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली: येळ्ळूर, उचगाव, कंग्राळी, काही खानापूरच्या पलीकडून पहाटेची बस धरून येणारी. घरात मराठी, बसमध्ये आणि तहसील कचेरीत कन्नड, वर्गात इंग्रजी. तीन भाषांत वावरणारी ही मुलं हुशार आहेत. व्याकरणही बऱ्यापैकी येतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. काल रात्री वह्या तपासल्या आणि इथे या चर्चामंचावर विचारावंसं वाटलं.

उतारा दिला होता डॉ. आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणातला. ते मुळात इंग्रजीतच झालेलं भाषण आहे, त्यामुळे भाषांतराची भानगड नाही. प्रश्न एवढाच: वक्ता आपलं म्हणणं श्रोत्यांच्या गळी कसं उतरवतो ते लिहा.

बहुतेक उत्तरं अशी: 'वक्त्याने पुनरुक्ती वापरली आहे. वक्त्याने प्रश्न विचारले आहेत. वक्त्याने विरोध साधला आहे. त्यामुळे भाषण प्रभावी झाले आहे.' इंग्रजी शुद्ध, संज्ञा बरोबर. पण हे विश्लेषण नव्हे, ही नोंदवही झाली.

विचार केल्यावर याचं मूळ मला आपल्याच शाळेत सापडलं. 'अलंकार ओळखा, एक गुण.' ओळखला की गुण मिळाला. तो अलंकार तिथे काय काम करतोय हे कुणी विचारलंच नाही. आता एकविसाव्या वर्षी आपण अचानक म्हणतो, विश्लेषण करा.

मी वर्गात तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवते. हे वाक्य कोणाला उद्देशून आहे? नेमक्या याच जागी का आलं? ऐकणाऱ्याचं मन आधी कुठे होतं आणि नंतर कुठे गेलं? तिसऱ्याचं उत्तर देता आलं नाही तर अलंकाराचं नावही लिहू नका, असं सांगते.

याच भाषणात पाहा. समोर संविधान सभेचे सदस्य बसलेत. दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, संविधान स्वीकारायचं आहे. बाहेर टीका चालू आहे की फार वेळ लावला. आंबेडकर आधी ती टीकाच उचलतात. किती वेळ लागला? २ वर्षं ११ महिने १७ दिवस. मग इतर देशांचा हिशेब मांडतात: अमेरिकेला चार महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं. मग आपली कलमं ३९५, अमेरिकेची फक्त ७. मग सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेलेल्या २,४७३ दुरुस्त्या. भावनेला हात घालणारा शब्द नाही, नुसती आकडेवारी. त्यानंतर मसुद्याचं श्रेय ते स्वतःकडून काढून संविधान सभेचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांच्याकडे वळवतात.

मुलं लिहितात, 'वक्ता नम्र आहे.' नम्र आहेतच. पण त्या नम्रतेने काय साधलं? हा माणूस हिशेबाला चोख आहे आणि श्रेयाचा भुकेला नाही, हे ऐकणाऱ्याच्या मनात आधी पक्कं झालं. ॲरिस्टॉटल ज्याला इथॉस म्हणतो, बोलणाऱ्याच्या चारित्र्यावरचा विश्वास, तो इथे बांधला गेला. आणि तो कशासाठी लागणार होता? शेवटी जे कडू बोलायचं आहे त्यासाठी. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात शिरतो आहोत, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हे ते उत्सवाच्या आदल्या दिवशी सांगतात. आणि मग 'हाउ लाँग', किती काळ, असा प्रश्न लागोपाठ दोनदा. तेच प्रश्न भाषणाच्या सुरुवातीला आले असते तर सभागृहाला तक्रार वाटली असती. हिशेब आणि श्रेयदान झाल्यावर आले म्हणून तोच प्रश्न जबाबदारीसारखा अंगावर येतो. हे एवढं एक वाक्य मला वहीत हवं असतं.

दुसरी अडचण स्वतःचा युक्तिवाद लिहिताना येते. मुलं मत लिहितात, लगेच पुरावा लिहितात, आणि दोन्हींच्या मधला पूल गाळतात. 'शिक्षण मातृभाषेतच हवे. कारण मातृभाषा ही आई आहे.' आई आहे म्हणून गणित तिच्याच भाषेत का शिकायचं, हे कोण सांगणार? स्टीफन टूलमिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५८ साली या मधल्या पुलाला वॉरंट म्हटलं. मला तर वाटतं आपल्या जुन्या न्यायशास्त्रातला, म्हणजे तर्कशास्त्रातला, उपनय म्हणजे हेच.

तुम्ही शिकवत असाल, शिकला असाल, मुलांना शिकवून घेत असाल, तर लिहा. मला उपाय हवेत.

बेळगुंदीचा

टीचर, मी तुमच्यासारख्याच एका वर्गातून सहा वर्षांपूर्वी बाहेर पडलो. माझी अडचण वेगळी होती. मी शाळेत वक्तृत्व स्पर्धा गाजवल्या होत्या. सन्माननीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग, मग एक ओवी, मग आवाज चढवत चढवत शेवटी चारोळी आणि टाळ्या. मुद्दा शेवटी सांगायचा, तोपर्यंत श्रोता धरून ठेवायचा.

परदेशी शिकायला जाण्यासाठी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या निबंधात मी हेच केलं. ४० मिनिटं, किमान २५० शब्द. सुरुवातीचे ८० शब्द मी एका थोर माणसाच्या वचनात आणि 'मानव हा समाजशील प्राणी आहे' यात घालवले. माझं मत काय आहे ते शेवटच्या दोन ओळींत. क्लासच्या सरांनी कागद परत दिला आणि म्हणाले, 'मी परीक्षक आहे, तू कोणत्या बाजूचा ते मला पाचव्या मिनिटाला कळत नाही.' त्या निबंधात प्रश्नाला उत्तर दिलंय का याला निबंधाच्या गुणांचा चौथा हिस्सा असतो, हे मला तेव्हा समजलं.

पण एक सांगतो. आपली पद्धत चुकीची होती असं मला आजही वाटत नाही. पाचशे माणसांसमोर मैदानात उभं राहून पहिल्याच वाक्यात निष्कर्ष सांगितला तर लोक उठून जातील. वेळ आणि श्रोता बदलला की रचना बदलते, एवढंच मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. 'तुझं मराठी वळण काढून टाक' असं सांगितलं गेलं, आणि त्याने मी वर्षभर लिहायलाच घाबरलो.

मार्कंडेयकाठी

हे फार महत्त्वाचं लिहिलंस. आंबेडकरांचं भाषणही कडू मुद्दा शेवटीच ठेवतं, आणि ते इंग्रजीत आहे. म्हणजे 'इंग्रजीत मुद्दा आधी सांगतात' हा इंग्रजीचा नियम नसून परीक्षेचा आहे. उद्या वर्गात असंच सांगते.

कोर्टगल्ली

मी वकील आहे, बेळगाव आणि खानापूर दोन्हीकडे उभा राहतो. मॅडम, टूलमिनचं नाव वाचून आनंद झाला, कारण त्याने तर्काचा नमुना गणितातून न घेता न्यायालयातून घेतला. आमच्याकडे रोज तेच चालतं. घटना, कायद्याचं कलम, आणि ते कलम याच घटनेला का लागू पडतं. तिसरी गोष्ट दाखवता आली नाही की न्यायाधीश वर बघतात आणि विचारतात, 'बरं, मग?'

मातृभाषेच्या निबंधाबद्दल दोन गोष्टी. मुलं लिहितात की संविधानाने मातृभाषेतून शिक्षणाची हमी दिली आहे. कलम ३५०-अ जरा काढून वाचायला लावा. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ते आलं. त्यात राज्याने सोय पुरवण्याचा 'प्रयत्न' करावा असं आहे, तेही प्राथमिक टप्प्यावर, तेही भाषिक अल्पसंख्याक गटातल्या मुलांसाठी. प्रयत्न, प्राथमिक, अल्पसंख्याक. या तिन्ही मर्यादा गाळून 'हमी' लिहिलं की समोरचा वकील पहिल्या मिनिटात तुम्हाला खाली बसवतो. मग खरा मुद्दाही बुडतो. आणि दुसरं, मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच प्रकरणात सांगितलं की प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यम राज्याला सक्तीने लादता येणार नाही. 'मातृभाषेतच' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हा निकाल आपल्या विरोधात जातोय हे कळलं पाहिजे. तो लपवायचा नाही, समोर आणायचा आणि उत्तर द्यायचं.

तो 'च' फार नडतो. मराठीत आपण 'च' लावतो तेव्हा अनेकदा फक्त जोर द्यायचा असतो. इंग्रजीत गेल्यावर त्याचा 'ओन्ली' होतो, 'मस्ट' होतो, आणि मग तो सिद्ध करावा लागतो.

आणखी एक उतारा सुचवतो. १८ मार्च १९२२, अहमदाबाद, राजद्रोहाचा खटला. गांधीजी गुन्हा कबूल करतात आणि जास्तीत जास्त शिक्षा मागतात. कायद्याच्या नजरेत जो हेतुपुरस्सर गुन्हा, तो मला नागरिकाचं सर्वोच्च कर्तव्य वाटतो, असं म्हणतात. पुढे न्यायाधीश ब्रूमफील्ड यांना दोनच वाटा ठेवतात: कायदा वाईट वाटत असेल तर पद सोडा, चांगला वाटत असेल तर कडक शिक्षा द्या. आरोपीच्या पिंजऱ्यातला माणूस न्यायाधीशाला निवड करायला लावतो. सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यातून मुदतीआधीच सुटल्यावर, १९२४ च्या डिसेंबरात, आपल्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते इथेच. काँग्रेस विहिरीजवळून रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलांना हा उतारा परका वाटणार नाही.

पूर्वपक्ष

मार्कंडेयकाठी, एक दुरुस्ती. उपनय म्हणजे वॉरंट नव्हे. मी संस्कृत शिकवली आहे म्हणून मनाला लागलं.

न्यायशास्त्रात अनुमानाची पाच अंगं सांगितली आहेत, ती पाहा. प्रतिज्ञा: पर्वतावर अग्नी आहे. हेतू: कारण धूर आहे. उदाहरण: जिथे जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. उपनय: हा पर्वतही तसाच धुराचा आहे. निगमन: म्हणून अग्नी आहे. तुम्ही ज्याला पूल म्हणता तो 'जिथे धूर तिथे अग्नी' हा नियम, म्हणजे व्याप्ती, आणि ती उदाहरणाच्या अंगात येते. उपनय तो नियम आपल्या प्रकरणाला लावून दाखवतो. वकीलसाहेबांचं 'तेच कलम याच घटनेला का', तो उपनय. दोन्ही हवेत, पण दोन्ही वेगळे.

आणि तुलना फार ताणू नये असंही वाटतं. टूलमिनच्या मांडणीत 'बहुधा' या शब्दाला हक्काची जागा आहे, अपवादालाही आहे. न्यायाच्या अनुमानाला निश्चित ज्ञान हवं असतं. मुलांना सारखेपणा दाखवा, फरकही दाखवा.

मला जास्त उपयोगी वाटतं ते न्यायाने केलेलं चर्चेचं वर्गीकरण. वाद म्हणजे खरं काय ते शोधण्यासाठी. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी. वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची पाडण्यासाठी. आपल्या वादविवाद स्पर्धांत बहुतेक जल्प चालतो. निबंधात वाद हवा, आणि त्यासाठी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, प्रामाणिकपणे, समोरच्याला पटेल असा मांडावा लागतो.

मार्कंडेयकाठी

सर, चूक मान्य. गेली तीन वर्षं मी वर्गात उपनय असंच सांगत आले. सोमवारी फळ्यावर धूर आणि स्वयंपाकघर दोन्ही काढते आणि आधीचं पुसते.

जर्सीतली अक्का

मी मूळची शहापूरची, आता न्यू जर्सीत. मुलगी इथे अकरावीत आहे, एपी इंग्लिश लँग्वेज घेतलंय, म्हणजे शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा इंग्रजी विषय. धागा वाचून तिला दाखवला. तिच्या परीक्षेत तीन निबंध: एक दिलेल्या साधनांवरून संश्लेषणाचा, एक वक्तृत्व-विश्लेषणाचा, एक स्वतःच्या युक्तिवादाचा. प्रत्येकी साधारण ४० मिनिटं. प्रत्येक निबंधाला ६ गुण. त्यात १ प्रतिपादनाला, ४ पुरावा आणि त्यावरच्या भाष्याला, १ खोलीला. अलंकाराच्या नावाला वेगळा गुण नाहीच. म्हणजे मार्कंडेयकाठी जे म्हणतात तेच.

मुलीच्या शिक्षिकेने एक युक्ती सांगितली, ती इथे देते. 'वापरतो' हे क्रियापद वर्गात बंद. 'लेखक उपमा वापरतो' असं लिहायचं नाही. त्याऐवजी लेखक काय करतो ते लिहायचं: घाबरवतो, धीर देतो, लाजवतो, शंका पेरतो, अंतर कमी करतो. क्रियापद बदललं की विचार करावाच लागतो. आमच्या घरी आठवडाभर हा खेळ चालला. जेवताना बातम्या ऐकायच्या आणि नेता काय 'करतोय' ते एका क्रियापदात सांगायचं. मी मराठीत, ती इंग्रजीत.

निपाणीवाली

अक्कांची युक्ती मी आजच आठवीच्या वर्गात मराठीत केली. पदवीपर्यंत कशाला थांबायचं? 'अलंकार ओळखा' च्या खाली मी आता एक ओळ जास्त विचारते: तो काढून टाकला तर काय जाईल? एक मुलगी म्हणाली, 'टीचर, अर्थ तोच राहतोय, पण मग राग येत नाही.' तेरा वर्षांची आहे.

उतारा म्हणून महात्मा फुल्यांचं १८८२ चं शिक्षण आयोगापुढचं निवेदन घ्या. तेही इंग्रजीतच आहे. सुरुवातीला ते आपला अनुभव सांगतात, मुलींची शाळा, पुण्याच्या आसपासची खेडी. श्रोते कोण, तर हंटरसाहेबांचा आयोग. मग मुद्दा: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो. वरचे शिकले की शिक्षण आपोआप खाली झिरपेल, या सरकारी समजुतीला ते विचारतात, कशाच्या आधारावर? हा प्रश्न म्हणजे समोरच्याचा गाळलेला पूल मागणं. मुलांना इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मिळणार नाही.

हळ्ळी_हुडुगी

माझं घर कन्नड, बैलहोंगल भागातलं, पण शेजार मराठी आणि कॉलेजमधल्या मैत्रिणी मराठी, म्हणून मराठीत लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या वर्गात दुकानांच्या पाट्यांवर निबंध होता. इथे हा विषय निघाला की आवाज वाढतातच. आमच्या मॅडमनी अट घातली: मराठी मुलींनी कन्नड पाट्यांची बाजू लिहायची, आम्ही बहुभाषिक पाट्यांची. आणि वाचून झाल्यावर त्या बाजूच्या मुलीने 'होय, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हटलं तरच निबंध जमा करायचा. माझ्या मैत्रिणीने लिहिलं होतं, 'कन्नडिगांना आपली भाषा लादायची आहे.' मी म्हटलं, हे मी म्हणत नाही. आमच्या घरी आजोबांना फक्त कन्नड वाचता येतं, शहरात आल्यावर त्यांना दवाखान्याची पाटी वाचता यावी, एवढं मी म्हणते. तिने तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा मी म्हटलं, 'हौदु', म्हणजे होय. आणि मी तिच्यासाठी लिहिलं तेव्हा मला कळलं की तिच्या आजीचंही दुखणं तेच आहे, फक्त लिपी वेगळी. दोघींची मतं बदलली नाहीत. निबंध दोघींचे चांगले झाले.

कोर्टगल्ली

ताई, सांभाळून घेण्यासारखं काही नाही, मराठी उत्तम आहे. ही अट मी ज्युनिअर वकिलांना लावणार.

बेळगुंदीचा

'होय, हेच म्हणायचं होतं' ही परीक्षा मला सगळ्यात अवघड वाटतेय. सीमाप्रश्नावर मी असं लिहू शकेन का? आज रात्री करून बघतो. इथे टाकणार नाही, धागा भरकटेल. माझा एक कन्नड मित्र आहे गोकाकचा, त्याला दाखवतो.

तिसरं_वर्ष_येळ्ळूर

टीचर, मी तुमच्याच वर्गातली आहे. तुमचा धागा मैत्रिणीने पाठवला. ती वही माझीसुद्धा होती. आज परत लिहिलं, मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत सांगते:

'आंबेडकर प्रश्न विचारण्याआधी सभागृहाचा हिशेब चुकता करतात. टीकाकारांना आकड्यांनी उत्तर मिळाल्यामुळे वेळेचा वाद संपतो, आणि श्रेय वाटून दिल्यामुळे त्यांच्या हेतूवर कुणी संशय घेऊ शकत नाही. म्हणून "किती काळ" हा प्रश्न जेव्हा दोनदा येतो तेव्हा तो सभेच्या सगळ्या सदस्यांना आपलाच प्रश्न वाटतो. पहिल्यांदा तो विसंगत जीवनाबद्दल विचारतो आणि दुसऱ्यांदा समता नाकारण्याबद्दल. जीवन जगणं हे नुसतं घडू शकतं, पण नाकारणं हे कुणीतरी करत असतं. दुसऱ्या प्रश्नात दोष ऐकणाऱ्याच्या हातात येतो.'

मार्कंडेयकाठी

'नाकारणं हे कुणीतरी करत असतं' हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. पुनरुक्ती म्हणून आपण दोन्ही प्रश्न सारखे धरतो, तू त्यांतला फरक धरलास.

एकच दुरुस्ती. 'सगळ्या सदस्यांना आपलाच प्रश्न वाटतो' हे तुला सिद्ध करता येणार नाही, सभागृहात प्रत्येकाच्या मनात काय होतं ते आपल्याला दिसत नाही. 'ज्याने आधीचा हिशेब मान्य केला, त्याला हा प्रश्न झटकणं अवघड जातं' असं लिही. आणि 'संशय घेऊ शकत नाही' च्या जागी 'घेणं कठीण होतं'. सोमवारी वही घेऊन ये, पहिल्या तासाला वर्गापुढे वाचू.